मेगाईसोफेगस झालेल्या कुत्र्याचं खाणंपिणं: खुर्चीपासून पाण्याच्या वड्यांपर्यंत, क्रमानं

गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी फोन करून मला एकच गोष्ट विचारली, की ताई, खुर्ची बनवली, खुर्चीतच जेवायला घालतो, तरी तो बाहेर काढून राहिला, आता काय करू? मग एकेक विचारत गेलं की कळतं, जेवण खुर्चीत आहे पण पाणी खाली बादलीत आहे, नाहीतर शेवटचा घास झाला की लगेच उतरवून देतात, नाहीतर आजोबा दुपारच्या चहासोबत त्याला एक बिस्कीट देतात आणि ते कोणी मोजतच नाही.

आमचा बाळ्या गावठी आहे, २० किलोचा, अडीच वर्षांपासून त्याला मेगाईसोफेगस आहे. म्हणजे अन्ननलिका सैल पडून रुंद झाली आहे, घास पुढे ढकलायची तिची ताकद गेली आहे, त्यामुळे खाल्लेलं पोटात न जाता छातीतच साचून राहतं आणि थोड्या वेळानं जसंच्या तसं परत येतं. आता घास खाली जाणार तो फक्त स्वतःच्या वजनानं, म्हणून अशा कुत्र्याला माणसासारखं सरळ बसवणारी खास खुर्ची बनवून तिच्यातच भरवतात. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे. परत आलेलं श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि हे कुत्रे बहुतेक त्यानंच जातात, म्हणून मी क्रमाच्या इतकी मागे लागते.

१. आधी आजार नक्की करा

घरात आपण सगळ्यालाच उलटी म्हणतो. पण उलटीत कुत्रा आधी अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, पोट आत-बाहेर करून जोर लावतो आणि मग पिवळं किंवा अर्धवट पचलेलं पडतं. यात तसं काही नसतं, तो मान खाली घालतो आणि भसकन सगळं बाहेर येतं, न पचलेलं, चिकट लाळेत गुंडाळलेलं, कधीकधी नळीसारखं लांबट. आम्हाला हा फरक माहीत नव्हता, आम्ही उलटी सांगितलं आणि तीन आठवडे उलटी थांबायची इंजेक्शनं चालली, तेवढ्यात बाळ्याचं साडेतीन किलो वजन गेलं.

म्हणून पहिलं काम हे की मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर टेबलावर तो हे करून दाखवणार नाही. व्हिडिओ दाखवा आणि छातीच्या एक्स-रेबद्दल बोला. हा एक्स-रे शक्यतो गुंगीचं इंजेक्शन न देता काढावा, कारण गुंगीत चांगल्या कुत्र्याचीही अन्ननलिका फुगलेली दिसू शकते. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध) पाजून फोटो काढायचं निघालं तर ते श्वासात जायचा धोका किती, हे आधी स्पष्ट विचारून घ्या.

मग विचारायचं की झालं कशानं. पिल्लाला दूध सुटून घट्ट खाणं सुरू केल्यावर हे दिसलं तर जन्मतःच असू शकतं, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, ग्रेट डेन यांच्यात ते जास्त दिसतं, आणि काही पिल्लांमध्ये हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अन्ननलिकेला आवळून बसलेली असते, त्यावर ऑपरेशन असतं आणि ते जितकं लवकर तितकं बरं. मोठ्या कुत्र्यात मायस्थेनिया ग्रॅव्हिस (यात स्नायू दुबळे पडतात) आणि अॅडिसन (यात मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींची संप्रेरकं कमी पडतात) या दोन आजारांच्या रक्ततपासण्या करून घ्या, कारण त्या आजारांवर औषध आहे आणि काहींची अन्ननलिका त्या औषधानं सुधारतेही. नागपुरात कोणाकडे जावं हे कळत नसेल तर सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे सगळे कागद घेऊन सकाळीच जा.

थांबा: मूळ कारण न शोधता नुसती खुर्ची बनवली तर अर्धंच काम झालं.

२. खुर्चीच्या आधी खोका

इथे जवळजवळ सगळे घाई करतात. फोटो पाहून सुताराला ऑर्डर देतात, मग कुत्रा त्यात बसत नाही, किंवा इतकी मोकळी होते की तो आत वळतो आणि पाठीवर वाकडा पडून खातो.

किराणा दुकानातून जाड पुठ्ठ्याचा खोका आणा, किंवा संत्र्याची रिकामी पेटी मिळाली तर तीही चालते. कुत्र्याची तीन मापं घ्या. शेपटीच्या मुळापासून मानेच्या बुडापर्यंत लांबी, ती झाली पाठीच्या फळीची उंची. छातीची सगळ्यात रुंद जागा, त्यात चार-पाच सेंटीमीटर वाढवा. आणि पाठीपासून छातीच्या हाडापर्यंतची खोली, त्यातही थोडी जागा. त्या मापाचा खोका उभा करून त्याला त्यात बुडावर बसवा, माणूस खुर्चीत बसतो तसा, पाठ टेकलेली, पुढचे पाय समोरच्या काठावर. खाताना तोंड वर, पोट खाली आणि मधली वाट सरळ असली पाहिजे. चार दिवस खोक्यातच जेवू घाला, काय घट्ट होतंय काय सैल ते पेन्सिलनं खोक्यावरच लिहून ठेवा आणि मग तो खोका सुताराकडे घेऊन जा. सुताराला तोंडी सांगण्यापेक्षा खोका दाखवलेला बरा, आमची खुर्ची त्यामुळे एका फेरीत झाली.

प्लायवूड १२ एमएम पुरतं, मोठ्या कुत्र्याला १८ एमएम. आतून जुनी योगा मॅट चिकटवा, बुडाखाली धुता येईल अशी गादी, समोर पाय ठेवायला फळी आणि तिच्यावर भांडं. कडा घासून घ्या. समोरून एक पट्टा हवा, पण पोटावर आवळणारा नको. पायथा रुंद ठेवा, कारण खुर्ची एकदा जरी डुगडुगली तरी तो परत चढणार नाही.

अगदी छोटं कुत्रं असेल तर मांडीवर उभं धरूनही होतं. कंबर किंवा मागचे पाय दुखणारा म्हातारा कुत्रा असेल तर कोन किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नेहमीची चूक: भांडं स्टुलावर ठेवणं. चार पायांवर उभ्या कुत्र्याची छातीतली अन्ननलिका आडवीच असते, भांडं कितीही उंच ठेवा. मान वर गेली म्हणजे नळी उभी झाली असं नाही. बाळ्याचे पहिले दोन महिने आमचे यातच गेले.

३. खुर्चीची सवय

पहिल्या दिवशी पूर्ण जेवण खुर्चीत घालायला जाऊ नका. आधी खुर्ची नुसती खोलीत ठेवा, वास घेऊ द्या. मग आत बसवून चमच्यावरचं थोडं दही चाटवायचं आणि लगेच उतरवायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. हळूहळू एक मिनिट, तीन मिनिटं, दहा मिनिटं. आठवडाभरात बहुतेक शिकतात, भूक त्यांना शिकवते. या दिवसांत खोक्यातलं नाहीतर हातात धरून उभ्यानं जेवण चालूच ठेवा, उपाशी ठेवून शिकवू नका. रागावलात तर त्याच्या डोक्यात खुर्ची म्हणजे शिक्षा असं बसतं आणि दिवसातून चार वेळा हे करायचं आहे, जन्मभर.

४. अन्न किती पातळ, ते कुत्राच सांगतो

एकाला पातळ खीर चालते, दुसऱ्याला तेच पातळ परत येतं पण मऊ गोळे सरळ खाली जातात. दुसऱ्याच्या कुत्र्याला चाललं म्हणून तुमच्याला चालेल असं नाही. तीन प्रकार ठरवा: ताकासारखं, इडलीच्या पिठासारखं आणि मऊ गोळा. प्रत्येक प्रकार चार-पाच दिवस द्या आणि त्या दिवसांत बाकी काहीच बदलू नका, तेच अन्न, तेवढंच माप, तेवढाच वेळ. वहीत लिहा की दिवसात किती वेळा परत आलं आणि जेवणानंतर किती वेळानं. बाळ्याला इडलीच्या पिठाएवढं चालतं, गोळे केले तर दोन तासांनी एखादा परत येतो.

मिक्सरमध्ये फिरवताना गाठ राहू देऊ नका. भाताचं शीत, पोळीचा तुकडा, कोंबडीची शिरा हे अडकतं, विशेषतः पोळी, ती चिकट गोळा होऊन बसते. आमच्याकडे घरचं कुत्रं म्हटलं की दूधपोळी, पण या आजारात ती पहिली बंद करा.

कॅलरीचा हिशोब करा, कारण पातळ केलं की भांडं भरलेलं दिसतं आणि पोटात जातं पाणीच. वीस किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण ६६० कॅलरी लागतात, घरात फिरणाऱ्याला ९०० ते १०५०. ते तीन-चार जेवणांत वाटा. घरचंच अन्न द्यायचं असेल तर ते पूर्ण पोषणाचं आहे की नाही हे डॉक्टरांकडून बघून घ्या, नुसत्या चिकन-भातावर वर्ष काढू नका. पातळ करायला सूप वापरत असाल तर त्यात कांदा, लसूण नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत, मीठही नको. म्हणजे घरच्या रश्श्यातलं वरचं पाणी काढून देणं बंद.

तपासा: दर रविवारी वजन. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे राहा, वजाबाकी करा. दोन आठवडे सलग उतरलं तर परत येत नसलं तरी कुठेतरी चुकतंय.

५. प्रत्यक्ष जेवण

क्रम असा ठेवा.

१) फिरून किंवा खेळून आला असेल तर धाप पूर्ण जाऊ द्या. धापा टाकताना भरवायचं नाही.
२) आधी खुर्चीत बसवा, पट्टा लावा, मग अन्न आणा. उलटं केलं तर वासानं तो उड्या मारतो आणि वाकडा बसतो.
३) पाठ टेकली का बघा. बूड पुढे घसरलं असेल तर वर ओढून घ्या.
४) अन्न कोमट. फ्रिजमधलं थंडगार नको.
५) हावरट असेल तर चमच्यानं, थांबून थांबून.
६) संपल्यावर खुर्चीतच २० ते ३० मिनिटं. तुमच्या कुत्र्याला १५ पुरतात की ३० लागतात हे वही सांगेल, पण सुरुवात ३० पासून करा.
७) उतरवताना पोटाखाली हात घालून दाबू नका, छाती आणि मागचा भाग धरून सावकाश उतरवा. पुढचा अर्धा तास उड्या, पळणं, सोफ्यावर चढणं नाही.

सगळ्यात जास्त लोक सहाव्या नंबरला चुकतात. सकाळी ऑफिसची घाई असते, कुत्रं कुईकुई करतं, दया येते आणि आपण दहाव्या मिनिटाला उतरवून देतो. मी मोबाईलवर टायमर लावते आणि टायमर वाजेपर्यंत त्याच्याजवळ खाली बसते, कधी भाजी निवडते, कधी नुसता त्याचा कान खाजवते, त्यालाही ते आवडतं. खुर्चीत त्याला एकटं सोडून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, पट्टा असला तरी.

गळ्याजवळ गुडगुड ऐकू येत असेल, तो पुन्हा पुन्हा गिळत असेल किंवा ओठ चाटत असेल तर वेळ झाली तरी उतरवू नका, अजून दहा मिनिटं द्या.

६. पाणी, जिथे सगळी मेहनत वाया जाते

फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं खरं कारण इथे निघालं. पाणी पातळ आहे म्हणून सरळ खाली जात असेल असं आपल्याला वाटतं. पण आडव्या, सैल नळीत पाणीही साचतं, आणि परत येताना श्वासात शिरायला पाण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. त्यामुळे पाणीही खुर्चीतच, किंवा पाण्याच्या वड्या करून, त्याही खुर्चीतच.

वड्यांची पद्धत: एक लिटर पाण्यात चायना ग्रासची (अगर-अगर, समुद्री शेवाळापासून होणारी) पावडर ८ ते १० ग्रॅम घालून ढवळत उकळा, पूर्ण विरघळेपर्यंत दोन-तीन मिनिटं उकळी राहू द्या, थोडं बिनमिठाचं चिकनचं पाणी घाला म्हणजे वास येईल, ताटात ओता, गार झालं की बोराएवढे तुकडे कापा. जिलेटिननंही वड्या होतात आणि खूप जण त्याच वापरतात, पण जिलेटिन ३५ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, फ्रिजमधून काढून खुर्चीपर्यंत नेईस्तोवर कडा सुटायला लागतात. चायना ग्रास तसं वितळत नाही. दोन्ही करून बघा आणि त्याला कोणतं खाली जातं ते वहीत लिहा. बाजारातली गोड जेलीची पाकिटं वापरू नका, बिनसाखरेच्या पदार्थांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला जीवघेणं आहे.

वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक ते सव्वा लिटर पाणी लागतं, पातळ अन्नातलं पाणी धरून, आणि उन्हाळ्यात जास्त. वड्या मोजून द्या, अंदाजानं नाही. हिरड्यांवर बोट फिरवा, चिकट लागल्या तर पाणी कमी पडतंय. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती सावकाश खाली बसली तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता घरभर एक चक्कर मारा आणि चोरून प्यायच्या जागा बंद करा. कूलरची टाकी ही आमच्या घरातली सगळ्यात धोक्याची जागा निघाली. खाली गळणारं पाणी, टाकीचं उघडं झाकण, रात्री सगळे झोपले की बाळ्या तिथे जायचा आणि सकाळी चार वाजता लादीवर पाण्याचं थारोळं. त्यानंतर कूलरभोवती जाळी लावली. बाकी जागा म्हणजे कुंड्यांखालच्या बशा, बाथरूमची बादली, अंगणातलं पाखरांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, आणि फिरायला गेलं की लोकांनी गेटबाहेर जनावरांसाठी ठेवलेल्या टाक्या. पाखरांचं पाणी बंद करू नका, भिंतीवर उंच ठेवा.

थांबा: चोरून पितो म्हणून पाणीच कमी करू नका. त्याला तहान लागली आहे, वड्या वाढवा.

७. औषधं

गोळी कोरडी घशात टाकायची नाही. ती अन्ननलिकेतच पडून राहते आणि तिथे जखम करते, डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्या तर विशेष. खुर्चीत बसवून, पातळ अन्नात कुटून किंवा डॉक्टरांना विचारून पातळ औषध. कुटू नये अशाही गोळ्या असतात, म्हणून प्रत्येक गोळीसाठी विचारा. सुक्राल्फेट (आतल्या जखमेवर थर धरणारं औषध) दिलं असेल तर बाकी औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

स्वतःच्या मनानं उलटीचं औषध सुरू करू नका. कुत्र्याच्या अन्ननलिकेचा स्नायू माणसापेक्षा वेगळा असतो, मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध तिला हलवत नाही, उलट पोटाच्या तोंडाची झडप घट्ट करतं, म्हणजे आधीच खाली न जाणारं अजून अडतं. सिल्डेनाफिल काही कुत्र्यांना देतात, ते ती झडप सैल करतं, पण द्यायचं की नाही आणि किती हे डॉक्टरच ठरवतील.

८. रात्र

शेवटचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. तरीही रात्री लाळ साचते आणि पहाटे परत येते, त्यासाठी डोकं छातीपेक्षा उंच पाहिजे. गादीवाल्याकडून कापसाची जाड वळकटी करून घ्या, गळ्याभोवती गोल बसेल अशी, दोन बोटं आत जातील इतकी सैल. धुवायला दोन खोळी. बाळ्यानं पहिले चार दिवस ती काढून टाकली, पाचव्या दिवसापासून स्वतः मान पुढे करतो.

९. रोजची तपासणी आणि धोक्याची खूण

झोपलेला असताना श्वास मोजा, छाती वर-खाली झाली की एक, पूर्ण एक मिनिट. तिशीच्या आत असला पाहिजे. चांगल्या दिवसांतला आकडा वहीत असू द्या म्हणजे वाईट दिवशी फरक कळेल. ताप गुदद्वारात थर्मामीटर लावून बघायचा, १०० ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर नाही.

श्वास वाढला, ओला खोकला आला, नाकातून घट्ट पाणी, ताप, किंवा खुर्ची दिसूनही उठला नाही, यातलं काहीही दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि छातीचा एक्स-रे. हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसल्या, मान ताणून श्वास घेऊन राहिला, तर रात्र असली तरी निघा. तोवर तोंडानं अन्न, पाणी, खोकल्याचं सायरप काहीच नाही. तापावर घरातली माणसांची गोळी तर कधीच नाही, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता ते आज शोधून ठेवा, फोन करून खात्री करा, बोर्डावर लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका. आमची एक रात्र बंद शटरसमोर गेली आहे.

सगळं नीट करूनही वजन उतरत असेल किंवा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल तर पोटात बाहेरून नळी बसवण्याबद्दल विचारा. लोक ते ऐकूनच घाबरतात आणि कुत्रा फार खंगल्यावर जातात, तेव्हा भूल झेपत नाही. आणि दाताचं, नसबंदीचं, कोणतंही ऑपरेशन असो, भूल द्यायच्या आधी मेगाईसोफेगस आहे हे तुम्ही स्वतः सांगा, फाइलमध्ये लिहिलंय यावर राहू नका.

१०. घरातली आणि बाहेरची माणसं

दिवाळीला, लग्नाला, पोळ्याला पाहुणे आले की प्रत्येकाला वाटतं एक तुकडा दिला तर काय होतं. समजावून सांगून उपयोग होत नाही, मी दोन वर्षं समजावलं. आता फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद आहे: "बाळ्याला हातातून काही देऊ नका. द्यावंसं वाटलं तर खुर्चीजवळच्या डब्यातली वडी द्या, तो खुर्चीत असतानाच." द्यायला काहीतरी हातात दिलं की लोक ऐकतात. गर्दी असेल त्या दिवशी त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, पंगतीच्या वेळी तर नक्कीच, कारण खाली पडलेली पुरी उचलायला त्याला दोन सेकंद पुरतात.

बाहेरगावी जाताना खुर्ची गाडीत मावत नाही म्हणून दोन दिवस भागवून घेऊ असं करू नका. जुना पुठ्ठ्याचा खोका टाकला नसेल तर तो घडी करून डिक्कीत मावतो, आत टॉवेल लावा. सोबत वही, एक्स-रेचे फोटो मोबाईलमध्ये, चायना ग्रासचं पाकीट आणि थर्मामीटर. कोणाकडे सोडून जाणार असाल तर आधी दोन दिवस त्यांना घरी बोलवा, तुमच्यासमोर चार जेवणं त्यांच्या हातानं होऊ द्या, आणि टायमर त्यांच्या मोबाईलवर लावून द्या.